माहुलीच्या वाटा आणि वाटाडे

माहुलीचा किल्ला समजून घ्यायचा तर सुरुवात सरळगावपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक लोक कसारा लोकलने आसनगावला उतरतात, रिक्षाने पाच किलोमीटरवरच्या माहुली गावात जातात, गड चढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. गड पाहून होतो. पण हा गड इथेच का बांधला, त्यासाठी इतकी माणसे का मेली आणि निजामशाहीचा शेवट नेमका याच डोंगरावर का झाला, हे त्या रिक्षाच्या पाच किलोमीटरांत कळत नाही. ते कळायला दोन जुने रस्ते आणि त्यांच्यामधला मुलूख पाहावा लागतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये इतिहास शिकवला. नोकरी सगळी मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत झाली. निवृत्तीनंतर हिवाळ्यात पाच-सहा जणांना घेऊन विजेवरच्या सायकलींवरून मी हा दिवसभराचा प्रवास करते. पहाटे सरळगावहून निघायचे, किन्हवली, सापगाव, शहापूर, आसनगाव करत माहुलीच्या पायथ्याशी पोहोचायचे. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी गावातल्या वाटाड्याबरोबर गडाकडे निघायचे, बाकीच्यांनी पायथ्याच्या देवळापाशी थांबायचे. मोटारीतून हा मुलूख दिसत नाही आणि पायी एका दिवसात संपत नाही. २५० वॅटची मोटर, ताशी जास्तीत जास्त २५ किलोमीटर वेग, पायडल मारले तरच मिळणारा जोर, एवढ्यावर साठीतली बाईसुद्धा चढ चढते आणि तिला बोलायलाही दम उरतो. मला बोलायचेच असते, म्हणून ही सायकल.

सरळगाव कल्याण-माळशेज रस्त्यावर आहे. तिथे पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की सह्याद्रीची भिंत आडवी दिसते. याच रस्त्याने पुढे टोकावडे, मग वैशाखरे, आणि वैशाखऱ्याच्या वर नाणेघाट. सातवाहनांची सत्ता असताना जुन्नर आणि कल्याण यांच्यातला व्यापार या खिंडीतून चाले. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिच्या घराण्याने केलेले अश्वमेध, राजसूय, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी, सगळे आकड्यांसह कोरलेले. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, ते गेले. त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे राहिली. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असे लोक सांगतात. खालच्या टोकाला कल्याण बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, त्याचे नाव येते आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्या कल्याणकर व्यापाऱ्यांची नावे आजही तिथल्या भिंतींवर आहेत.

मुलांना शिकवताना मला नेहमी एक गोष्ट सलायची. लेखात राणी आहे, राजे आहेत, यज्ञ आहेत, दक्षिणा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर पहिला बैलांचा तांडा घाटात घालताना ज्याने पुढे जाऊन दरड कोसळली आहे का, टाक्यात पाणी आहे का, हे पाहिले, तो लेखात नाही. असा माणूस असणारच. त्याच्याशिवाय त्या घाटातून जकात गोळा झाली नसती.

वर-खालची ही देवाणघेवाण अजून पुरती संपलेली नाही. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांचा बाजार लागतो, घाटावरून घोंगड्या येतात, इकडची माणसे वर्षाची घोंगडी तिथेच घेतात. हिवाळ्याच्या सहलीत म्हशाची यात्रा जवळ असेल तर सरळगावच्या टपरीवर चहा पिताना बैलांच्या किमतीशिवाय दुसरे काही ऐकू येत नाही. इतिहासाच्या तासाला याहून चांगली सुरुवात मला सापडलेली नाही.

सरळगावहून उत्तरेला वळले की मोठा रस्ता सुटतो. काळूचा पूल ओलांडायचा. डिसेंबरात भाताची कापणी, झोडणी उरकलेली असते. खाचरे रिकामी, बांधावर पेंढ्याच्या उडव्या, आणि जिथे ओल टिकून आहे तिथे वाल आणि हरभरा. मधूनच वीटभट्ट्या लागतात. भट्टीच्या कडेला पेंढ्याने शाकारलेल्या झोपड्यांत कातकरी कुटुंबे राहतात; दिवाळीनंतर उचल घेऊन येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. मी तिथे सायकली थांबवत नाही. कोणाच्या घरासमोर उभे राहून त्याच्या गरिबीवर व्याख्यान देणे मला पटत नाही. पुढे किन्हवलीत थांबल्यावर मात्र बोलते, कारण कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी यांना बाजूला ठेवून या भागातल्या एकाही किल्ल्याचा इतिहास सांगता येत नाही.

सह्याद्रीच्या या पट्ट्यातले घाट महादेव कोळ्यांनी राखले. बहमनी गेले, निजामशाही आली, ती बुडाली, मराठे आले. वरचा धनी बदलला तरी खिंडीतला राखणदार बहुतेक तोच राहिला, कारण वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या. त्यांच्यातल्या नाईकांना वतने होती, मान होता. उत्तरेला जव्हारला तर कोळ्यांचे मुकणे घराणे चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत राज्य करत होते. इंग्रज आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा उमगले ते हेच, की हे डोंगर ताब्यात ठेवायचे तर या लोकांना ओळखले पाहिजे. कॅप्टन मॅकिंटॉशने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांवर सविस्तर वृत्तांत लिहिला. बंड मोडायला आलेल्या अधिकाऱ्याने तो लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवून वाचला, तर या भागाच्या सामाजिक इतिहासाला त्याच्याइतका जुना लेखी आधार क्वचितच मिळतो.

घाटराखणीची जुनी कामे गेली, सावकारी पाश आवळले, आणि अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे उभा राहिला. घाटमाथा आणि कोकण यांच्यामधल्या वाटा तोंडपाठ असल्यामुळे त्याने कंपनीच्या पोलिसांना अनेक वर्षे झुलवले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. ठाण्याचे ते कारागृह म्हणजेही मुळात किल्लाच. आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना हे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत भेटते. किन्हवलीच्या पारावर बसून मी त्यांना पूर्वेकडचे डोंगर दाखवते आणि सांगते, हा त्याचा नकाशा.

सापगावला भातसा ओलांडायची. पुलावर क्षणभर थांबून पाणी पाहिल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही, कारण मुंबईहून आलेला माणूस घरच्या नळाला येणारे पाणी इथे पहिल्यांदा नदीत पाहत असतो. तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. अडीच किलोमीटरहून लांब दगडी बांध. त्या काळात जगातल्या मोठ्या दगडी धरणांमध्ये त्याची गणना होई. पुढे वैतरणेवर मोडकसागर, भातसेवर भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईची तहान मुख्यतः शहापूर तालुका आणि त्याला लागून असलेला भाग भागवतो, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. मी ज्या शाळेत होते तिथल्या पोरी उन्हाळ्यात पहिल्या तासाला येत नसत. हजेरीपटावर मी गैरहजर लिहीत असे, पण त्या तेव्हा कुठे असत हे मला ठाऊक असे. हे लिहिताना अजूनही राग येतो, आणि तो यायलाच हवा असे मला वाटते.

शहापूरला आमचे जेवण असते. ओळखीच्या घरी सायकलींच्या बॅटऱ्या लावायच्या, तोवर तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे. शहापूर दुसऱ्या जुन्या रस्त्यावर आहे. कल्याणहून निघून थळ घाटाने नाशिककडे चढणारा हा रस्ता. त्यालाच नंतर आग्रा रोड म्हणू लागले. लोहमार्गही त्याच दिशेने आला. १८६१ मध्ये गाडी कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि थळ घाटाची ३७ फुटांना एक फूट अशी चढण बांधून १ जानेवारी १८६५ ला इगतपुरीपर्यंत. आता समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. नाणेघाटाच्या पायवाटेपासून समृद्धीच्या बोगद्यांपर्यंत प्रत्येक काळाने इथून आपला रस्ता काढला. शहापूर आणि मुरबाड यांच्या इतिहासाचा कणा रस्ते हाच आहे, आणि हे दोन रस्ते एका जागेवरून राखता येतील असा डोंगर म्हणजे माहुली.

आसनगावच्या पुढे तो समोर येतो. हा एक किल्ला नव्हे, जोडकिल्ला: उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेला भंडारगड. उंची सुमारे २,८०० फूट. भंडारगडाच्या अंगाला नवरा, नवरी, भटजी असे सुळके आहेत आणि गिर्यारोहकांमध्ये नावाजलेला वजीर. लग्नाचे वऱ्हाड दगड झाले ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्या सुळक्यांपेक्षा त्यांच्या पलीकडचा पश्चिमेचा उतार महत्त्वाचा वाटतो. तिकडे भिवंडी, वसई, आणि समुद्र. १६३६ साली शहाजीराजांची नजर तिकडेच असणार.

ती गोष्ट अशी. दौलताबाद मोगलांनी १६३३ मध्ये घेतल्यावर निजामशाही संपली असे दिल्लीला वाटले. शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक मूल मुर्तजा म्हणून गादीवर बसवले आणि तीन वर्षे ते राज्य चालवले. शाहजहान स्वतः दख्खनमध्ये उतरला, आदिलशहाशी तह केला, आणि मोगल व विजापूर या दोन्ही फौजा शहाजीराजांवर आल्या. जुन्नरच्या बाजूने घाट उतरत, किल्ल्यामागून किल्ला मागे टाकत ते माहुलीवर आले. का माहुली? दोन्ही घाटवाटा हाताशी, खाली दाट रान, आणि पोर्तुगीजांचा मुलूख एका दिवसाच्या अंतरावर. त्यांनी पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, पण मोगलांच्या भीतीने तो मिळाला नाही. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांनी वेढा घातला. १६३६ च्या अखेरीस शहाजीराजांनी गड आणि तो बाल निजामशहा स्वाधीन केला, आणि स्वतः आदिलशाही चाकरीत गेले. अहमदनगरचे राज्य इथे संपले. त्या राज्याचा संस्थापक मलिक अहमद याने १४८५ च्या सुमारास माहुली मोठ्या कष्टाने घेतली होती, म्हणजे राज्याच्या उभारणीतही हा डोंगर होता आणि शेवटीही. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे वेढ्यात गडावर होते असे मानतात. असतील तर बालपणी वडिलांची शरणागती त्यांनी इथे पाहिली. मुलांना हे सांगताना मी नेहमी थोडी थांबते. पराभव शिकवायला आपल्या पाठ्यपुस्तकांना जड जाते, आणि माहुलीची सुरुवातच त्यातून करावी लागते.

पुढे २४ ऑक्टोबर १६५७ ला महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि जानेवारी १६५८ मध्ये माहुली. बंदर घेतल्याबरोबर बंदराकडे येणारा रस्ता राखणारा गड घ्यावा लागला, यात सगळे आले. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांच्या यादीत माहुली, पळसगड आणि भंडारगड यांची नावे वेगवेगळी आहेत. मोगलांचे सेनापती मिर्झाराजे यांनी या एका डोंगराचे तीन किल्ले मोजून घेतले.

१६७० मध्ये गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम निघाली. कोंढाणा, म्हणजे सिंहगड, फेब्रुवारीत पडला. त्याच महिन्यात माहुलीवर रात्री दोर-शिड्या लावून मावळे चढले. गडावर मनोहरदास गौड हा राजपूत किल्लेदार होता आणि तो सावध होता. चढलेली माणसे कापली गेली, उरलेली कड्यावरून लोटली गेली. महाराजांना वेढा उठवावा लागला. सिंहगडाचा पोवाडा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे; त्याच महिन्यात माहुलीच्या कड्याखाली पडलेल्यांसाठी शहापूर तालुक्याबाहेर कोणी दिवा लावत नाही. पुढे मनोहरदासाने किल्लेदारी सोडली, अलावर्दी बेग आला, आणि १६ जून १६७० ला मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतली. जून म्हणजे इथे पाऊस कोसळायला लागलेला असतो. त्या कातळावरून पावसात चढणे काय असते हे मी हिवाळ्यातल्या कोरड्या कातळावर हात टेकवून मुलांना सांगते.

रात्रीची चढाई फसली, ती फसण्यामागे पहाऱ्याची सावधगिरी होती. पण मुळात माणसे कड्याच्या माथ्यापर्यंत पोहोचली, ती कोणाच्या मागून? अंधारात कुठल्या घळीत शिडी टेकेल, कुठे निवडुंग आहे, कुठे मुरूम सुटतो, हे लांबून आलेल्या सरदाराला कळत नाही. बखरी आणि फारसी तवारिखा किल्लेदारांची नावे देतात. वाट दाखवणाऱ्याचे नाव त्यांना लागत नव्हते.

पायथ्याच्या माहुली गावातून गडाची वाट तानसा अभयारण्याच्या रानातून चढते. आमच्याबरोबर येणारा दादा ठाकर समाजातला आहे. पहिल्या चढावर तो पुढे, नंतर मागे. दमलेल्या माणसाच्या मागे चालावे, पुढे चालले की तो घाई करतो आणि पडतो, हे त्याने मला शिकवले. वर शेवटी लोखंडी शिडी आहे. माथ्यावर पाण्याची टाकी, कोसळलेला दरवाजा, पडक्या भिंती, आणि सगळीकडे कारवी. मी त्याला विचारते, तो सांगतो. हे पाणी कधी आटते, कुठल्या झाडाचा डिंक काढायचा, भंडारगडाकडे वळायची खूण कुठली. एकदा एका पाहुण्याने त्याला विचारले की हे सगळे कुठल्या पुस्तकात आहे. तो म्हणाला, "बाई लिहून घेतात तेवढंच." तेव्हापासून मी जास्त नीट लिहून घेते.

दादाला दिवसाचे पैसे ठरवून, निघण्याआधी दिले जातात. हे मी मुद्दाम सांगते, कारण सहलींची जाहिरात शहरात होते, सायकली शहरातून टेम्पोत येतात, फोटो शहरात जातात, आणि वाटाड्याच्या हातावर उरलेली नोट ठेवली जाते असे मी पाहिले आहे. ज्या कामावर अनेक शतकांच्या सत्तांनी आपले घाट राखले, ते काम बक्षिशीवर चालू नये. गावाने दर ठरवावा, वनखात्याच्या नाक्यावर तो लिहावा, आणि वाटाड्याचे नाव गटाच्या नोंदीत पहिले असावे.

आणखी एक गड या मुलखात आहे, तो या सहलीत बसत नाही. मुरबाड तालुक्यातला सिद्धगड, भीमाशंकरच्या रानात. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, १९४२ मध्ये भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे पाडले. सरकारने मागे पोलीस लावले, बक्षीस लावले, आणि दस्ता सिद्धगडाच्या जंगलात सरकला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे मारले गेले. दरवर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात, मशाल पेटते. जंगलात लपलेली माणसे कशावर जगली? पाड्यांवरून भाकरी गेली, निरोप गेले, वाट बदलायची तर कोणीतरी पुढे चालले. हुतात्म्यांची नावे स्तंभावर आहेत आणि ती असायलाच हवीत. भाकरी नेणाऱ्यांच्या घरी आता नातवंडे, पणतवंडे आहेत, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना आईबापांनी सांगितलेले आठवते.

येत्या जानेवारीत माझ्या जुन्या शाळेतली नववीची मुले सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवर जाणार आहेत. सायकली म्हशापर्यंत, पुढे पायी. प्रत्येकाने एका घरी बसायचे, विचारायचे, आणि घरच्यांची परवानगी घेऊन नाव, पाडा, कोणती वाट, कोणाला दाखवली, एवढे वहीत लिहायचे. माहुलीच्या वाटाड्यांची वही मी आधीच सुरू केली आहे. दादाच्या आजोबांपर्यंत ती मागे गेली आहे. या दोन वह्यांची एक प्रत किन्हवलीत आणि एक सिद्धगडाच्या पायथ्याच्या शाळेत ठेवायची असे मुलांनी ठरवले आहे.